प्रीचर घोड्यावर, घर कुणावर?

पीटर कार्टराईटची ओळख अमेरिकेत बहुधा एका वाक्यात करून दिली जाते: अब्राहम लिंकनला निवडणुकीत हरवणारा मेथडिस्ट पाद्री. ते खरंही आहे. 1832 साली इलिनॉय राज्याच्या विधिमंडळासाठी सँगामन काउंटीतून 13 जण उभे होते आणि जागा होत्या 4. कार्टराईट निवडून आला. 23 वर्षांचा लिंकन आठवा आला. लोकांच्या थेट मतदानात लिंकन हरला तो आयुष्यात तेवढा एकदाच. पुढे 1846 मध्ये दोघं पुन्हा समोरासमोर आले, या वेळी थेट वॉशिंग्टनच्या काँग्रेससाठी. लिंकन देवाधर्माला मानत नाही अशी कुजबुज गावोगाव पसरली, त्याला छापील पत्रक काढून खुलासा करावा लागला. मतमोजणीत लिंकनला 6,340 मतं पडली आणि कार्टराईटला 4,829. हा निकाल आपल्याकडच्या बऱ्याच पक्ष कार्यालयांत चौकट करून लावण्यासारखा आहे. पण आज मला त्यावर लिहायचं नाही. मला कार्टराईटच्या बायकोबद्दल लिहायचं आहे.

मी मेथडिस्ट पाळकाची मुलगी. आमच्याकडे वार्षिक कॉन्फरन्सच्या शेवटच्या दिवशी बिशप नेमणुका वाचून दाखवायचे. पाळकाचं नाव, मग गावाचं नाव. ऐकायचं आणि जायचं. पप्पा कॉन्फरन्सहून परत आले की आई आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि मग माळ्यावरच्या ट्रंकांकडे. आमचे शाळेचे दाखले काढणं, रेशन कार्डावरचं गाव बदलून घेणं, दूधवाल्याचा हिशेब मिटवणं, नव्या गावात नळाला पाणी कधी येतं याची चौकशी करणं, सगळं तिच्याकडे. पप्पा नव्या मंडळीपुढे पहिल्या रविवारी कुठल्या वचनावर उपदेश करायचा या विचारात असायचे. ते वाईट नव्हते, कष्टाळू होते, लोक आजही त्यांचं नाव काढतात. पण आईनं एका गावात धरलेली बालवाडीची नोकरी दुसऱ्या गावाची चिठ्ठी आली की सोडली, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

ही बदल्यांची पद्धत जॉन वेस्लीनं इंग्लंडात घातली आणि फ्रान्सिस ॲस्बरीनं ती अमेरिकेच्या जंगलात रुजवली. ॲस्बरी 1771 मध्ये अमेरिकेत आला, 1784 मध्ये तिथला प्रमुख झाला आणि 1816 मध्ये मरेपर्यंत फिरत राहिला. त्यानं लग्न केलं नाही, आणि आपल्या प्रीचरांनी करावं असंही त्याला फारसं वाटत नसे. संसार मांडला की माणूस एका जागी बसतो, हा त्याचा अनुभव. वस्त्या नुकत्या वसत होत्या, एका झोपडीपासून दुसरी मैलोन् मैल दूर, देऊळ बांधायला ना माणसं ना पैसा. म्हणून प्रीचरला एक मोठं सर्किट, म्हणजे फिरतीचा टापू, नेमून द्यायचं. खोगिराच्या पिशवीत शास्त्र, गीतांचं पुस्तक आणि मंडळीच्या नियमांची पोथी. वाटेत कुणाच्या तरी झोपडीत उपदेश करायचा, तिथंच जेवायचं, तिथंच झोपायचं आणि सकाळी पुढे.

कार्टराईट या मुशीतला. जन्म 1 सप्टेंबर 1785 चा, व्हर्जिनियातला. बाप स्वातंत्र्ययुद्धात लढलेला. मुलगा लहान असतानाच घर केंटकीत आलं आणि लोगन काउंटीत स्थिरावलं. हा भाग म्हणजे इतर राज्यांतून पळून आलेल्या गुन्हेगारांचा अड्डा म्हणून बदनाम. बापानं पोराला शर्यतीचा घोडा दिला, पत्त्यांचा कॅट दिला. पोरगं दोन्हींत तरबेज झालं. आई क्रिस्टियाना मात्र मेथडिस्ट, भाविक. फिरता प्रीचर आला की तिच्याच झोपडीत उपदेश व्हायचा आणि ती आनंदानं मोठ्यानं ओरडायची, असं मुलानं लिहून ठेवलं आहे. 1801 मध्ये केंटकीत धार्मिक उज्जीवनाची लाट होती. केन रिज इथल्या सभेला हजारो लोक जमले होते. त्याच वर्षी शेजारच्या एका लग्नात नाचून हा सोळाव्या वर्षातला पोरगा घरी आला, शेकोटीपाशी बसला आणि अचानक त्याला मरणाची धास्ती वाटायला लागली. आई उठून त्याच्यासाठी प्रार्थना करत बसली. घोडा विकायला त्यानं बापाला सांगितलं. पत्ते आणून आईच्या हातावर ठेवले, तिनं ते विस्तवात टाकले. पुढे प्रीचर म्हणून बाहेर पडायची वेळ आली तेव्हा बाप नको म्हणत होता, आईनं आग्रह धरून पाठवलं.

म्हणजे या कहाणीची सुरुवातच एका बाईच्या झोपडीत आहे. प्रीचरला थारा देणारी ती, पत्ते जाळणारी ती, मुलाला घराबाहेर काढणारीही तीच.

सत्तरी गाठल्यावर, 1856 मध्ये, कार्टराईटनं आत्मचरित्र छापलं. मी ते झपाटल्यासारखं वाचलं, कारण माणूस गोष्टीवेल्हाळ आहे. सभेत दंगा करायला आलेल्या गुंडांना तो स्वतःच्या हातानं आडवं करतो. जनरल अँड्र्यू जॅक्सन देवळात शिरला म्हणून यजमान पाद्री दबकतो, तर हा भर सभेत म्हणतो की पश्चात्ताप नसेल तर जनरललाही नरकच. एका खाणावळीत नाच चालू असताना एक मुलगी त्याला नाचायला बोलावते, तर हा तिचा हात धरून तिथेच गुडघे टेकतो आणि नाचाची प्रार्थनासभा करून टाकतो. यातलं किती जसंच्या तसं घडलं आणि किती पन्नास वर्षं सांगून सांगून गुळगुळीत झालं, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. आमच्या घरी येणाऱ्या म्हाताऱ्या पाळकांच्या गोष्टीही दर वर्षी थोड्या वाढायच्या.

मला त्याचं सगळ्यात प्रामाणिक वाटलेलं पान वेगळंच आहे. सर्किटवर तीन वर्षं काढल्यावर तो घरापासून पाचशे मैलांवर, ओहायो नदीकाठच्या मरिएटा गावात उभा आहे. घोडा आंधळा झालेला. खोगीर झिजलेलं. लगाम इतक्यांदा बदललेला की मूळचा उरलेला नाही, आणि कपड्यांना इतकी ठिगळं की मूळ कापड कुठलं ते कळू नये. खिशात 75 सेंट. कसाबसा घरी पोचतो. बाप, तोच नको म्हणणारा बाप, त्याला नवा घोडा देतो, खोगीर-लगाम देतो, कपडे देतो आणि वर 40 डॉलर रोख. प्रीचरचा वर्षाचा भत्ता कागदावर 80 डॉलर होता आणि तो क्वचितच पुरता हातात पडायचा, हे लक्षात घेतलं की त्या 40 डॉलरची किंमत कळते. मंडळीनं झिजवलेला माणूस घरानं पुन्हा उभा केला. कार्टराईट हे सांगतो, आभारही मानतो, आणि पुढच्या सर्किटकडे घोडा वळवतो.

1808 मध्ये त्यानं लग्न केलं. लग्न करणं आपलं कर्तव्य आहे असं नीट विचार आणि प्रार्थना केल्यावर वाटलं, म्हणून 18 ऑगस्टला फ्रान्सिस गेन्सशी विवाह झाला, असं तो लिहितो. त्या दिवशी तिचा एकोणिसावा वाढदिवस होता.  एवढं सांगून झालं की पुस्तक पुन्हा सर्किटवर निघतं. ती कशी होती, काय बोलायची, त्यानं तिला कुठे पाहिलं, याचा तिथे पत्ता नाही. नऊ मुलं झाली, सात मुली आणि दोन मुलगे. नवरा आधी सर्किटवर आणि नंतर अनेक सर्किटांचा प्रिसाइडिंग एल्डर म्हणून जिल्ह्याच्या फेऱ्यांवर. ते पद त्यानं सुमारे पन्नास वर्षं सांभाळलं. शेत होतं, जनावरं होती. ती कुणी बघितली असतील हे सांगायला पुराव्याची गरज नाही.

1824 मध्ये केंटकी सोडून इलिनॉयला जायचं ठरलं. या निर्णयाचं श्रेय मी त्याला मोकळ्या मनानं देते. केंटकीत गुलामगिरी होती, जमिनी महाग होत होत्या, मुली मोठ्या होत होत्या. त्या उद्या गुलाम बाळगणाऱ्या घरात पडतील ही धास्ती त्यानं स्पष्ट शब्दांत लिहिली आहे. त्या काळात किती प्रीचरांनी मुलींच्या भविष्यासाठी बिऱ्हाड हलवलं असेल? पुढे 1844 च्या जनरल कॉन्फरन्समध्ये, गुलाम बाळगणाऱ्या बिशपवरून मंडळी दुभंगली तेव्हाही हा गुलामगिरीच्या विरोधातल्या बाजूला होता. कडव्या गुलामीविरोधकांवरही त्यानं तोंडसुख घेतलं, हा भाग वेगळा.

पण त्या वाटेवर जे घडलं ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं.

इलिनॉयच्या माळरानात शिरण्याआधी गाडीवानानं गाडी उलटी केली. थोरली मुलगी थोडक्यात वाचली. गाडी सरळ करून सामान पुन्हा भरेपर्यंत अंधार पडला. पुढे अवघड उतार होता, म्हणून तिथेच मुक्काम केला. हवा उबदार होती, कार्टराईट थकला होता, आणि आज तंबू नको ठोकूस, असं बायकोनं त्याला समजावलं. एका लहानशा, धडधाकट दिसणाऱ्या झाडाच्या बुंध्याशी त्यानं जाळ केला आणि सगळे झोपले. उजाडता उजाडता ते झाड कोसळलं, ते नेमकं तिसऱ्या मुलीच्या अंगावर, पायापासून डोक्यापर्यंत. बाहेरून धड दिसणारं खोड आतून पार कुजलेलं होतं, वरची साल तेवढी सुरीच्या पाठीइतक्या जाडीची शाबूत. जवळच दोन झोपड्या होत्या, तिथे माणूस पाठवला, मदतीला कुणी आलं नाही. बाप आणि गाडीवान झाड तोडू लागले. मग लक्षात आलं की खोड जरा वर उचललं गेलं आहे. त्यांनी मुलीला खालून ओढून काढलं, घोड्यांच्या दाण्याच्या गव्हाणीत नीट ठेवलं आणि गाडी पुढे हाकली. वीस मैलांवर ओळखीचं घर होतं. तिथे तिला पुरलं.

मुलीचं नाव सिंथिया. त्या परिच्छेदात ती फक्त तिसरी मुलगी आहे.

आणि तिची आई? तंबू नको ठोकूस असं म्हणाली, एवढीच. इतक्या जाड पुस्तकात फ्रान्सिसचं म्हणणं कानी पडतं ते नेमकं इथे. तिच्याकडे बोट दाखवायला म्हणून त्यानं ते लिहिलं असेल असं मला वाटत नाही. तो फक्त घडलं तसं सांगत होता. पण वाचणाऱ्याच्या मनात तेवढंच राहतं. ती वीस मैलांची वाट ती कुठे बसली होती, गव्हाण कुणाच्या मांडीवर होती, उरलेल्या पोरांना त्या सकाळी काय खायला दिलं, यातलं काहीच नाही. ख्रिस्ती घरात गव्हाण म्हटलं की बेथलेहेम आठवतं, आई आणि बाळ आठवतं. इथे गव्हाण आहे, बाळ आहे, आईच गायब आहे.

15 नोव्हेंबर 1824 ला कुटुंब सँगामन काउंटीत पोचलं. पुढे तिथेच प्लेझंट प्लेन्स गाव वाढलं. कार्टराईटनं आमदारकी केली, शाळा-कॉलेजांना हात दिला. शिकलेल्या प्रीचरांची आयुष्यभर टिंगल करणारा हा गडी इलिनॉय वेस्लियन विद्यापीठाच्या विश्वस्तांचा पहिला अध्यक्ष होता, ही गंमत त्यालाही ठाऊक असावी. त्याच्या नावावर बारा हजारांच्या घरात बाप्तिस्मे आणि चौदा हजारांवर उपदेश सांगितले जातात. भाकरी किती थापल्या, कपडे किती शिवले, आजारी पोरांपाशी किती रात्री जागवल्या, याची मोजदाद अर्थातच कुणी केली नाही.

घराकडे तो वळलेला दिसतो तो म्हातारपणी, कोर्टात. जुलै 1859 मध्ये प्लेझंट प्लेन्समधल्या औषधाच्या दुकानात त्याच्या मुलीच्या मुलानं, क्विन हॅरिसननं, मारामारीत ग्रीक क्राफ्टन नावाच्या तरुणाला सुरी मारली. काही दिवसांनी क्राफ्टन गेला. खुनाचा खटला उभा राहिला. आरोपीचा वकील अब्राहम लिंकन. मेलेला मुलगा लिंकनच्याच ऑफिसात कायदा शिकलेला. आणि बचावाचा मोठा साक्षीदार पीटर कार्टराईट. मरणाच्या बिछान्यावर क्राफ्टननं आपल्याला सांगितलं की हे मीच ओढवून घेतलं, क्विनला मी क्षमा करतो, अशी साक्ष म्हाताऱ्यानं दिली. सरकारी पक्षानं हरकत घेतली, लिंकननं जोरदार युक्तिवाद केला, न्यायाधीश राईस यांनी शेवटी साक्ष ग्राह्य धरली आणि ज्युरीनं क्विनला सोडलं. त्याच आठवड्यात कार्टराईट 74 वर्षांचा झाला. तेरा वर्षांपूर्वी ज्याच्या धर्मावर शंका घेतली गेली, त्याच माणसानं कार्टराईटचा नातू वाचवला. खटल्याची हस्तलिखित नोंद 1989 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत, हॅरिसनच्या वंशजांच्या गॅरेजमध्ये सापडली. त्यावर पुस्तकं निघाली. क्विनची आई ही फ्रान्सिसच्या पोटची. त्या घरात ते सात आठवडे कसे गेले असतील, ते मात्र कुठल्या गॅरेजमध्ये सापडणार?

मला कार्टराईटला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. फ्रान्सिस स्वतः श्रद्धावान होती. नवरा 1872 मध्ये गेला, त्यानंतर चार वर्षांनी ती गेली. तिच्या मरणाची हकीकत मेथडिस्ट मंडळीत अजून सांगतात: देवळातल्या सभेत उठून तिनं साक्ष दिली, मी आता रथाची वाट बघते आहे असं काहीसं म्हणाली, बसली आणि बसल्या जागी गेली. मेथडिस्टांच्या वर्गसभेत बाईला उठून स्वतःचा अनुभव सांगता यायचा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. म्हणून तर तिचं शेवटचं बोलणं टिकलं. त्याआधीची 64 वर्षं नवरा तिच्या वतीनं बोलत राहिला, किंवा बोललाच नाही.

हे दूरच्या देशातलं म्हणून सोडून देता येत नाही. कॅलिफोर्नियात सोन्याच्या धावपळीत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर उपदेश करणारा विल्यम टेलर 1870 मध्ये हिंदुस्थानात आला आणि मुंबई-पुण्यात त्यानं मेथडिस्ट मंडळ्या उभ्या केल्या. भायखळ्याचं टेलर मेमोरियल त्याच्याच नावाचं. तो इथे होता तेव्हा त्याची बायको ॲन तिकडे पोरांचं घर चालवत होती. पप्पांची मंडळी या वाटेनं आली, आणि वाटेवरची सवयही आली.

मराठीत मात्र आपलं नशीब थोर, की लक्ष्मीबाई टिळक लिहायला बसल्या. त्यांच्या नवऱ्याचं, रेव्हरंड टिळकांचं, न सांगता घरातून निघून जाणं, हातातले पैसे वाटून मोकळं होणं, 1895 चा बाप्तिस्मा आणि नंतरची ताटातूट, हे सगळं आपल्याला माहीत आहे ते मागे राहिलेल्या बाईच्या बाजूनं. तिथे टिळक लहान होत नाहीत, उलट माणूस म्हणून मोठे दिसतात. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ नसती तर आपल्याकडे फक्त कवी टिळक उरले असते, आणि त्या स्वतः एखाद्या चरित्राच्या तळटीपेत. फ्रान्सिसचं नेमकं तेच झालं.

आणि हा रोग काही आम्हा ख्रिस्ती लोकांपुरता नाही. पूर्णवेळ कार्यकर्ता, गावोगाव हिंडणारा कीर्तनकार, चळवळीतला पुढारी, नाटक कंपनीबरोबर फिरणारा नट, कुणाचाही गौरवग्रंथ उघडा. चारशे पानं त्यांच्या त्यागाची आणि शेवटी अर्धं पान ‘सुविद्य पत्नीची मोलाची साथ’. एका देवळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पप्पांचा पानभर फोटो आला. आईचं नावही चुकीचं छापलं होतं. तिनं ते पान बघितलं आणि चष्मा पुसून म्हणाली, फोटो छान आलाय हं. मला राग आला तो तिच्या या वाक्याचा.

त्याग कुणाचा, हे आधी ठरवू या. ज्यानं स्वतः घोडा निवडला त्याचा त्याग खरा आहेच, पण त्याला बदल्यात टाळ्या, नाव आणि पुस्तक मिळालं. जिनं घोडा निवडला नाही आणि तरी खोगिराचे पैसे भरले, तिच्या त्यागाला आपण साथ म्हणतो. ही उतरंड मला मान्य नाही. संस्थांनीही फुकटात मिळालेल्या या श्रमाचा आकडा कधी ताळेबंदात मांडला नाही, कारण मांडला तर मानधन दुप्पट करावं लागलं असतं. गंमत म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या गरीब मंडळीनं निदान नियमात तरी प्रीचरच्या बायकोचा भत्ता वेगळा लिहिला होता.

तुमच्या देवळाची, शाळेची, संघटनेची स्मरणिका निघत असेल तर संपादक मंडळाला माझी विनंती आहे. म्हाताऱ्या पाळकीणबाई, गुरुजींच्या किंवा कार्यकर्त्यांच्या घरच्या बाई अजून हयात असतील तर त्यांच्याकडे जा. रेकॉर्डर घेऊन जा, घाई करू नका. ‘माझं काय, मी नुसतं घर बघितलं’ असं त्या म्हणतील. मग विचारा की पोरांची फी कशातून भरली, पाटल्या केव्हा मोडल्या, कुठल्या गावात कुणी शेजारधर्म पाळला आणि कुणी दार लावून घेतलं. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच नावानं छापा, आणि छपाईला देण्याआधी नाव एकदा त्यांच्याकडून तपासून घ्या.